पुलावरचा टोल आणि सेचेन्यी घराणं

बुडापेस्टच्या विज्ञान अकादमीच्या भिंतीवर ब्राँझचं एक मोठं उठावशिल्प आहे. बार्नाबाश होल्लो या शिल्पकाराचं, १८९३ सालचं. दाटीवाटीने भरलेली सभा, तिच्यात उभा राहून बोलणारा एक उमराव आणि त्याच्याकडे वळलेल्या माना. प्रसंग ३ नोव्हेंबर १८२५ चा. जागा पोझोन्य, म्हणजे आजचं ब्रातिस्लावा. हंगेरीची संसद तेव्हा तिथे भरत असे. मातृभाषेची आबाळ होते आहे आणि बडे जमीनदार तिच्यासाठी दमडी सोडत नाहीत, असं एका प्रतिनिधीने भर सभेत सुनावलं. तेव्हा घोडदळातला एक ३४ वर्षांचा कॅप्टन उठला. काउंट इश्तवान सेचेन्यी. तो वरिष्ठ सभागृहातला माणूस, या बैठकीत त्याला मताचा अधिकारच नव्हता. पण भाषेसाठी संस्था निघत असेल तर आपलं एका वर्षाचं उत्पन्न द्यायला तो तयार होता: ६० हजार फोरिंट. मग आणखी तिघे पुढे आले. ज्यॉर्ज कारोईने ४० हजार, ज्यॉर्ज आंद्राशीने १० हजार, आब्राहाम वायने ८ हजार. एका बैठकीत १ लाख १८ हजार फोरिंट जमले आणि त्यातून पुढे अकादमी उभी राहिली.

हंगेरीतल्या प्रत्येक शाळकरी पोराला ही गोष्ट पाठ असते. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. (गंमत अशी की ज्या भाषेसाठी त्याने वर्षाची कमाई दिली, ती त्याला स्वतःला तेव्हा धड येत नव्हती. त्याची रोजनिशी जर्मनमध्ये आहे.) तरीही मला वाटतं की या घराण्याचं ऋण मोजायला हा प्रसंग चुकीचा आहे. श्रीमंत घराण्यांकडे बघताना आपण सगळेच, हंगेरीत आणि हंगेरीबाहेर, एक चूक करतो. त्यांनी काय दिलं याच्या याद्या करतो आणि त्यांना काय भरावं लागत नव्हतं हे विचारायचं राहून जातं. सेचेन्यींच्या बाबतीत हा प्रश्न विचारला की शिल्पातला प्रसंग मागे पडतो आणि एक पूल पुढे येतो.

आधी ते ६० हजार कुठून आले ते पाहू.

सेचेन्यी हे काही एस्तरहाझींसारखं डोळे दिपवणारं घराणं नव्हे. मूळ उत्तरेकडच्या नोग्राद परगण्यातले साधे लोक. त्यांचं नशीब फळफळलं सतराव्या शतकात, ते एका धर्मगुरूमुळे. ज्यॉर्ज सेचेन्यी पायरी पायरीने चढत १६८५ मध्ये एस्तरगोमचा आर्चबिशप झाला, म्हणजे हंगेरीतल्या कॅथलिक चर्चचा सर्वोच्च अधिकारी. तुर्कांना हटवण्याचे ते दिवस. या माणसाने जेझुइटांच्या शाळांना दिलं, इस्पितळांना दिलं, तुर्कांविरुद्धच्या लढाईला दिलं, आणि हे सगळं देऊनही नातेवाइकांसाठी अफाट जमीन जमवली. १६९५ मध्ये तो वारला आणि दोनच वर्षांनी, १६९७ मध्ये, घराण्याला काउंटपद मिळालं. चर्चच्या पदाचं उत्पन्न, त्यातून जमीन, जमिनीतून किताब. त्या काळी यात कुणाला वावगं वाटलं नसतं, आणि आज नाक मुरडून उपयोग नाही.

पण ही जमीन पिकवायचं कोण? हाब्सबर्ग घराण्यातली राणी मारिया थेरेसा हिने १७६७ मध्ये वेठीचे नियम घालून दिले, त्यात हिशेब स्पष्ट आहे. पूर्ण वाटा कसणाऱ्या कुळाने आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या बैलांसह किंवा घोड्यांसह, नाहीतर दोन दिवस नुसत्या हातांनी, मालकाच्या शेतात राबायचं. वर पिकातला नववा हिस्सा मालकाचा, दहावा चर्चचा. एवढं झाल्यावर सरकारी कर, तोही कुळानेच भरायचा. कारण सरदार कर भरत नसत. तेराव्या शतकापासूनचा हा हक्क १५१४ च्या कायदेसंग्रहात पक्का बांधून ठेवलेला होता: सरदाराची जमीन आणि सरदाराची मान, दोन्ही करमुक्त. आणि सरदार म्हणजे मूठभर वाडेवाले नव्हेत. दर वीस माणसांत साधारण एक जण सरदार होता, त्यात फाटक्या चपला घालणारे, एखाद्या तुकड्यावर गुजराण करणारेही हजारो होते. या गरीब सरदारांकडे मिरवायला करमाफीशिवाय दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तेच तिला सर्वांत घट्ट धरून बसले होते.

करमाफीचं समर्थन असं होतं: बाकीचे पैसे भरतात, आम्ही रक्त भरतो. राज्यावर संकट आलं की सरदारांनी घोड्यावर स्वार होऊन रणात उतरायचं. मध्ययुगात याला काही अर्थ असेल. १४ जून १८०९ रोजी ग्योरजवळ नेपोलियनच्या सैन्यासमोर सरदारांची ही फौज उतरली आणि तिची दाणादाण उडाली. त्यानंतर ती पुन्हा कधी उभी राहिलीच नाही. लढाईत एक १७ वर्षांचा अधिकारी होता, इश्तवान सेचेन्यी. ज्या सबबीवर त्याच्या वर्गाची सहाशे वर्षांची सूट उभी होती, ती सबब त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पळताना पाहिली.

तेव्हा १८२५ चे ते ६० हजार असे वाचावे लागतात: पिढ्यानपिढ्या एक पैसा कर न भरलेल्या घराण्याचं, वेठीच्या श्रमातून आलेलं एका वर्षाचं उत्पन्न. कुळांनी भाषेसाठी वर्गणी दिली आणि पावती काउंटच्या नावाने फाटली, असं कुणी म्हटलं तर मला ते अगदीच चूक वाटणार नाही.

इथे समोरच्या बाजूचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे, कारण ते हलकं नाही. कर भरला असता तर तो गेला असता व्हिएन्नाला, हाब्सबर्ग दरबाराच्या तिजोरीत. तिथून हंगेरियन भाषेची अकादमी निघाली असती का? मुळीच नाही. परक्या सत्तेखालच्या देशात दान हा एकच खजिना असा असतो जो आपल्या मनाने उघडता येतो. आणि या बाबतीत इश्तवानपेक्षा त्याच्या वडिलांचं उदाहरण जास्त बोलकं आहे.

फेरेन्त्स सेचेन्यी (१७५४ ते १८२०) हा मला या घराण्यातला सर्वांत मनस्वी माणूस वाटतो. तरुणपणी त्याने सम्राट दुसऱ्या जोसेफच्या सुधारणांवर विश्वास ठेवून मोठी सरकारी जबाबदारी घेतली. पण जोसेफने जर्मन ही राज्यकारभाराची भाषा म्हणून लादली, स्थानिक संस्था मोडीत काढल्या, तेव्हा याचा भ्रमनिरास झाला. मग त्याने एकच ध्यास घेतला: हंगेरीत छापलेलं, हंगेरीबद्दल छापलेलं, हंगेरियन माणसाने लिहिलेलं जे जे मिळेल ते गोळा करायचं. छापील ग्रंथ, हस्तलिखितं, नकाशे, नाणी, घराण्यांची चिन्हं. सगळ्याची रीतसर सूची छापून घेतली, ती परदेशातल्या विद्वानांना धाडली. २५ नोव्हेंबर १८०२ रोजी राजाच्या मंजुरीने हा संग्रह राष्ट्राच्या स्वाधीन झाला. छापील ग्रंथच जवळजवळ १२ हजार. आजचं हंगेरीचं राष्ट्रीय ग्रंथालय त्याच्याच नावाने चालतं, आणि राष्ट्रीय संग्रहालयाचा उगमही तोच. त्याच्या बायकोचा भाऊ ज्यॉर्ज फेश्तेतिच याने पाच वर्षं आधी, १७९७ मध्ये, बालातोन सरोवराच्या काठी केस्तहेय इथे शेतकी शिक्षणाची शाळा काढली होती; युरोपातल्या पहिल्या शेतकी महाविद्यालयांत तिची गणना होते. सासर-माहेर दोन्हीकडे संस्था काढण्याची हौस होती म्हणायची.

फेरेन्त्सने पैसे फेकले नाहीत, आयुष्यातली वीस वर्षं घातली. म्हणून दान म्हटलं की मी त्याचं उदाहरण आधी देईन. तरीही ग्रंथालय उघडलं तेव्हा देशातला कर भरणारा बहुसंख्य माणूस निरक्षर कुळ होता, आणि ग्रंथालयाने त्याच्या पाठीवरचं ओझं रतिभरही हललं नाही. दान चांगलं असतं. पण देणारा कुठे उभा आहे आणि घेणारा कुठे, हे दान कधी बदलत नाही. उलट ते नातं ब्राँझमध्ये ओतून ठेवतं.

इश्तवानचं मोठेपण, माझ्या मते, याच्या पुढे सुरू होतं. वडिलांकडून त्याला दानत मिळाली होती. स्वतःच्या वर्गाविरुद्ध बोलायची धमक त्याने स्वतः कमावली.

सुरुवात एका अपमानाने झाली असं म्हणतात. १८२८ मध्ये त्याने व्हिएन्नातल्या एका सावकारी पेढीकडे १० हजार फोरिंटचं कर्ज मागितलं आणि त्याला नकार मिळाला. एवढा मोठा जमीनदार, आणि दहा हजारांना नकार! पेढीचं बरोबर होतं. हंगेरीत १३५१ पासून असा कायदा होता की सरदाराची वडिलोपार्जित जमीन घराण्याबाहेर जाऊ शकत नाही. आपल्याकडे वतन ज्यांनी ऐकलंय त्यांना हे चटकन समजेल: जमीन खायची, पण विकायची नाही. आणि जी विकता येत नाही, ती तारण काय कामाची? कर्ज बुडवलं तरी सावकार जमिनीला हात लावू शकत नव्हता, म्हणून तो कर्जच देत नव्हता, किंवा दिलं तर मरणाच्या व्याजाने. ज्या कायद्याने सरदाराला राखलं होतं, त्यानेच त्याला कंगाल ठेवलं होतं.

१८३० मध्ये इश्तवानने यावर पुस्तक लिहिलं, नाव ठेवलं ‘हितेल’, म्हणजे पत. त्यात त्याने आपल्या भाऊबंदांना सरळ सांगितलं की तुमच्या दारिद्र्याला व्हिएन्ना जबाबदार आहे हे रडगाणं पुरे झालं, कारण तुमचे विशेष हक्कच तुम्हाला खाताहेत. वेठीचा मजूर निम्मं काम करतो, कारण काम त्याचं नाही. पुस्तक हातोहात खपलं, आणि खवळलेल्यांनी काही ठिकाणी ते जाळलंही. एका काउंटने त्याचं खंडन करणारं पुस्तक काढलं, याने त्यालाही उत्तर लिहिलं. तिसरं पुस्तक सेन्सॉरने अडवलं म्हणून १८३३ मध्ये लाइपझिगला छापून घ्यावं लागलं. ६० हजार देताना ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांच्यातलेच कित्येक आता त्याला घरभेदी म्हणत होते. देणगी सगळ्यांना आवडते, हिशेब कुणालाच नको असतो.

आता पूल.

बुडा आणि पेस्ट ही दोन वेगळी गावं होती आणि मधून वाहणारी डॅन्यूब. उन्हाळ्यात नावांवर फळ्या टाकून केलेला तरता पूल असे. हिवाळ्यात बर्फ येऊ लागलं की तो काढून ठेवायचे. डिसेंबर १८२० मध्ये फेरेन्त्स सेचेन्यी व्हिएन्नात वारला. इश्तवान पूर्व हंगेरीतल्या आपल्या पलटणीतून निघाला आणि पेस्टच्या काठावर येऊन अडकला. नदीत बर्फाचे ढलपे, पूल नाही, नाव घालायला कुणी तयार नाही. बाप पलीकडे आणि हा आठवडाभर अलीकडे. या दिवसांतच त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं की इथे कायमचा पूल होत असेल तर मी एका वर्षाचं उत्पन्न देईन, परत मिळो वा न मिळो. पुन्हा तेच, एका वर्षाचं उत्पन्न! संसदेतल्या त्या घोषणेच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट.

पण पुलाच्या बाबतीत तो तिथे थांबला नाही, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे. १८३२ मध्ये त्याने पूल मंडळ काढलं, आंद्राशीला सोबत घेऊन इंग्लंडला गेला, तिथल्या इंजिनियरांना खोदून खोदून प्रश्न विचारले आणि अहवाल छापला. अहवालातून दिसत होतं की पैसा उभा करायला सावकार तयार होतील, पण एका अटीवर: पुलाचा टोल सगळ्यांनी भरला पाहिजे. सरदारांनीसुद्धा.

या एका अटीवर संसद पेटली. तरत्या पुलावर तेव्हा काय चालायचं हे परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलंय. टोलवाला येणाऱ्याचे कपडे बघायचा. चांगला कोट दिसला की सलाम, मेंढीचं कातडं पांघरलेला शेतकरी दिसला की हात पुढे. बाजारात विकायला कोंबड्या घेऊन निघालेला माणूस पैसे मोजायचा आणि बग्गीतून जाणारा फुकट जायचा. ही रीत इतकी अंगवळणी पडली होती की बग्गीवाल्यालाही काही वाटत नव्हतं आणि कोंबडीवाल्यालाही. आपल्या महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर कुणाकुणाला सूट आहे त्याची यादी फलकावर रंगवलेली असते. तो फलक वाचताना मला दर वेळी ही गोष्ट आठवते.

टोलची रक्कम किरकोळ होती. सरदारांना चिंता त्या रकमेची नव्हती. ‘सरदार काहीही भरत नाही’ या वाक्याला एकदा भोक पडलं की ते किती मोठं होईल, हे त्यांना नेमकं कळत होतं. शत्रूंना आपल्या तत्त्वाची किंमत मित्रांपेक्षा आधी कळते ती अशी. १८३६ चा २६ वा कायदा अखेर मंजूर झाला: पुलावर सर्वांना टोल, जन्म कोणताही असो. सांगतात की सरन्यायाधीश काउंट आंताल त्सिराकी यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि या पुलावर मी कधी पाऊल ठेवणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली. अश्रू खरे असावेत. त्यांना त्या फळीखाली पूर्ण व्यवस्था वाहून जाताना दिसली होती, आणि त्यांचं दिसणं बरोबर होतं. बारा वर्षांनी, एप्रिल १८४८ च्या कायद्यांनी वेठ संपवली आणि कर सर्वांवर बसवला.

या मांडणीवर दोन आक्षेप येतील हे मला दिसतंय. पहिला असा की टोल म्हणजे कर नव्हे. तो तर ज्यॉर्ज सिना या बँकरच्या कंपनीकडे जाणार होता, आणि हक्क तब्बल ८७ वर्षांचा. श्रीमंतांनी एका श्रीमंताला भरलेल्या पैशांत समता कसली? आक्षेप अर्धा बरोबर आहे. कराराच्या अटींबद्दल सेचेन्यीवर टीका करायला जागा आहे आणि तेव्हाही झाली. पण कायद्याचा घाव पैसे कुणाकडे जातात यावर पडलेला नव्हता. तो पडला कुणाला सूट मिळते यावर. सूट एकदा जन्मावरून सुटली की पुढचं भांडण, म्हणजे पैसे खासगी कंपनीने घ्यावे की सरकारने, हे बरोबरीच्या माणसांचं भांडण होतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तो असा: सेचेन्यी काही समतावादी नव्हता. खरंय. त्याला सरदारवर्ग वाचवायचा होता, बुडवायचा नव्हता. जहाल सुधारकांचा पुढारी लायोश कोशुत याने १८४० मध्ये त्याला ‘सर्वांत थोर हंगेरियन’ म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी याने कोशुतवर अख्खं पुस्तक भरून हल्ला चढवला, कारण कोशुतची भाषा लोकांना भडकवते असं त्याला वाटे. क्रांती त्याला नकोच होती. पण म्हणूनच टोलची गोष्ट मला मोलाची वाटते. ज्याला आपला वर्ग प्रिय आहे त्याने आपल्याच वर्गाला रांगेत उभं करणं, हे क्रांतिकारकाने करण्यापेक्षा दुर्मीळ आहे.

आणि फक्त पैशाच्या बाबतीतच नाही. २७ नोव्हेंबर १८४२ रोजी अकादमीच्या सभेत, म्हणजे त्याच्याच देणगीतून उभ्या राहिलेल्या व्यासपीठावर, त्याने सांगितलं की स्लोव्हाक, क्रोएट, रुमानियन लोकांवर हंगेरियन भाषा लादू नका. भाषा जबरदस्तीने पसरत नाही, आणि सक्तीने आपणच शत्रू तयार करतो. भाषेसाठी ६० हजार देणारा माणूस भाषेच्या अतिरेकाविरुद्ध बोलतोय! श्रोत्यांपैकी कित्येकांना हे झोंबलं. त्या शिल्पाच्या शेजारी या भाषणाचं शिल्प का नाही, हा प्रश्न हंगेरीबाहेरही भाषेचा अभिमान असलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे.

पुढच्या पिढीबद्दल थोडक्यात. इश्तवानला दोन मुलगे, आणि दोघांनी वडिलांच्या स्वभावाचा एकेक अर्धा भाग घेतल्यासारखं वाटतं. थोरला बेला दाता आणि प्रवासी. १८७७ च्या अखेरीस स्वतःच्या खर्चाने तो शास्त्रज्ञांना घेऊन आशियाच्या मोहिमेवर निघाला. मुंबईत उतरून, भारत ओलांडून पुढे चीनला गेला आणि १८८० मध्ये ब्रह्मदेशातून परतला. त्याच्यासोबतचा भूगर्भशास्त्रज्ञ लायोश लोत्सी याने चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहा पाहिल्या, त्यांचं वर्णन पुढे ऑरेल स्टाईनच्या कानी घातलं, आणि राजतरंगिणीचा इंग्रजी अनुवाद करणारा हा हंगेरियन संस्कृतपंडित १९०७ मध्ये तिथे पोचला. गुहेत बंद असलेली ती हजारो हस्तलिखितं जगासमोर आली ती त्यानंतर. (आली की नेली, हा वाद चीनमध्ये अजून चालू आहे.) कुठल्याही अर्थमंत्र्याने या मोहिमेला पैसे दिले नसते हे कबूल करतो. काही गोष्टी श्रीमंताच्या लहरीनेच होतात.

धाकटा ओदोन मात्र माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. लंडनमध्ये त्याला अग्निशमन दलाचं वेड लागलं. परत येऊन त्याने पेस्टमध्ये स्वयंसेवकांचं दल उभारलं, वर्गण्या गोळा केल्या, आणि त्याच्या जोडीला १८७० मध्ये शहराच्या पैशाने चालणारं पगारी दलही सुरू करवून घेतलं. आग लागल्यावर दात्याची वाट बघता येत नाही, हे त्याला कळलं होतं. पुढे सुलतानाच्या बोलावण्यावरून तो इस्तंबूलला गेला, तिथलं दल उभं केलं, पाशा झाला आणि १९२२ मध्ये तिथेच वारला.

विसाव्या शतकात हिशेब वेगळ्याच पद्धतीने चुकता झाला. १८२५ मध्ये ४० हजार देणाऱ्या ज्यॉर्ज कारोईचा नातू मिहाय कारोई १९१९ मध्ये प्रजासत्ताकाचा अध्यक्ष होता. जमीनवाटपाचा कायदा झाल्यावर २३ फेब्रुवारीला कापोल्ना इथे त्याने सुरुवात स्वतःच्या जमिनीपासून केली. आजोबांनी दिलं ते दान, नातवाने दिलं ते कायद्याने. महिनाभरात त्याची सत्ता गेली आणि वाटप तिथेच थांबलं. मग १९४५ मध्ये हजार होल्डवरच्या, म्हणजे सुमारे १४०० एकरांवरच्या, जमीनदाऱ्या सरसकट गेल्या. १९४७ मध्ये किताब रद्द झाले. वेळेवर जे कायद्याने सोडलं नाही ते मग सूडाने घेतलं गेलं, आणि सूडाने ज्यांचा काही अपराध नव्हता त्यांनाही सोडलं नाही. भारतातही शिकारीला येऊन गेलेला लेखक झिग्मोंड सेचेन्यी याच्यावर हद्दपारीची पाळी आली, आणि शेवटी तो केस्तहेयच्या फेश्तेतिच वाड्यातल्या ग्रंथालयात नोकरीला लागला. हा वाडा ज्या घराण्याचा, त्याचीच मुलगी फेरेन्त्सची बायको. ग्रंथालयं देणाऱ्या घराण्यातला माणूस ग्रंथालयाचा पगारी नोकर झाला, यात काही वाईट नाही; वाईट आहे ती त्याला तिथे नेणारी वाट. १९९१ मध्ये भरपाईचा कायदा झाला तेव्हा जमिनी परत मिळाल्या नाहीत, मिळाली ती भरपाईची कुपनं, जास्तीत जास्त ५० लाख फोरिंटांची. मला ते योग्यच वाटतं.

आज इश्तवान सेचेन्यी ५ हजारांच्या नोटेवर आहे. युरोपीय संघाच्या पैशाने हंगेरीत गटार बांधलं किंवा शाळेला रंग दिला तरी शेजारी ‘सेचेन्यी’ नावाच्या योजनेचा फलक लागतो. २०१९ मध्ये याच फलकवाल्या सरकारने अकादमीच्या संशोधन संस्था तिच्याकडून काढून घेतल्या. शास्त्रज्ञ रस्त्यावर उतरले, उपयोग झाला नाही. यावर काही जण म्हणतात: बघा, सरकारी पैशावर राहिलं की असं होतं, त्यापेक्षा दानच बरं. पण दानाचं काय झालं तेही बघा. पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनफुगवट्यात अकादमीच्या ठेवींची राख झाली आणि तिला सरकारच्या दारात जावंच लागलं. दात्याचं मन फिरतं, ठेव आटते, सरकार उलटतं. यांपैकी सरकारकडे तरी ‘हा आमचा पैसा आहे’ असं म्हणून दाद मागता येते, आणि ते म्हणण्याचा हक्क ज्याने भरला त्यालाच असतो. फलकावर दात्याचं नाव कोरणाऱ्यांना हे अडचणीचं जातं, कारण करदात्याचं नाव कुठल्याच भिंतीवर नसतं.

१८ जुलै १८४८ रोजी पुलाची शेवटची साखळी चढवत होते. इश्तवान तेव्हा देशाच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम आणि दळणवळण मंत्री होता आणि बघायला तिथेच उभा होता. चढवण्याचं यंत्र तुटलं, साखळी खालच्या फळ्यांवर कोसळली आणि बघणाऱ्यांसकट मंत्रीही डॅन्यूबमध्ये पडले. तो पोहून बाहेर आला. सात आठवड्यांनी, देश युद्धाच्या तोंडावर असताना, त्याच्या मनाचा तोल गेला आणि त्याला व्हिएन्नाजवळच्या ड्योब्लिंगच्या मनोरुग्णालयात नेलं. तिथेच ८ एप्रिल १८६० रोजी त्याने स्वतःला संपवलं. पूर्ण झालेला पूल त्याने पाहिला नाही. उद्घाटन २० नोव्हेंबर १८४९ ला झालं, हाब्सबर्गांविरुद्धची क्रांती चिरडल्यावर, आणि करणारा होता ऑस्ट्रियाचा जनरल हायनाऊ, ज्याच्या हुकमाने सहाच आठवड्यांपूर्वी इश्तवानचा पंतप्रधान बात्यानी गोळ्या घालून मारला गेला होता. सोहळा आटोपला, पुलाच्या दोन्ही तोंडांशी टोलवाले बसले. त्या हिवाळ्यात नदीत बर्फ आलं तेव्हा बुडाला निघालेला कुणी काठावर अडकला नाही, आणि टोलवाल्याला कुणाचा कोट बघायचं कारण उरलं नव्हतं.